फ्रंट साइट पुन्हा पुन्हा ढिली होते? आधी ती कशाने धरलेली आहे ते बघा

पिस्तुलाची फ्रंट साइट (नळीच्या तोंडाकडची, नेम धरायची खूण) घट्ट केली, शंभरेक गोळ्या झाल्या आणि ती परत हलायला लागली, असं होत असेल तर बहुतेक वेळा एकच उपाय दोन-तीनदा करून झालेला असतो. सांध्यावर थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रूचे आटे सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, एक थेंब सोडायचा, रात्रभर ठेवायचं, झालं. हा उपाय टिकत नाही याला कारण आहे. पिस्तुलाची फ्रंट साइट जागेवर राहते ती बहुधा चारपैकी एका गोष्टीमुळे: डव्हटेलच्या, म्हणजे तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशा खाचेत ती कचकून बसलेली असते, स्क्रूने खेचून धरलेली असते, तिचं शेपूट ठोकून पसरवलेलं असतं किंवा आरपार पिन असते. यातली मूळ पकड गेलेली असेल तर थ्रेडलॉकर तिची जागा घेऊ शकत नाही. त्याचं काम शाबूत पकडीला साथ देण्याचं आहे.

किती हलली म्हणजे काळजी करायची, हे आकड्यांत बघा. फ्रंट आणि रिअर (मागच्या) साइटमधलं अंतर १६५ मिमी धरलं, तर फ्रंट साइट ०.१ मिमी सरकल्यावर २५ मीटरवर गोळी सुमारे १५ मिमी बाजूला जाते. ०.२५ मिमी सरकली तर ३८ मिमी. ०.१ मिमी म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढं. डोळ्याला ते दिसत नाही, बोटाला जेमतेम कळतं, टार्गेटवर मात्र ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, आडवा पसरतो. एकाच बैठकीत शेजारी शेजारी दोन वेगळे ग्रुप पडत असतील तर पहिला संशय साइटवरच घ्या.

काम सुरू करण्याआधी

मॅगझिन काढा, स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे ओढून लॉक करा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. गोळ्या दुसऱ्या खोलीत. मग स्लाइड फ्रेमवरून उतरवा, बॅरल आणि रिकॉइल स्प्रिंग बाहेर काढा. हातोडीने ठोकायचं काम जुळवलेल्या पिस्तुलावर कधीच करायचं नाही. फ्रंट साइट बॅरलवरच बसवलेली असेल आणि बॅरल निघत नसेल तर बोल्ट काढून ठेवा, रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर बाहेर काढा. काही देशांत अशी दुरुस्ती फक्त परवानाधारक शस्त्रकारानेच करायची असते. तुमच्याकडे तसं असेल तर पुढचं वाचून फक्त निदान करा आणि काम त्याच्याकडे सोपवा.

हलतंय नेमकं काय

अंगठा आणि तर्जनीत फ्रंट साइट धरून आधी डावी-उजवीकडे, मग पुढे-मागे, मग वर असा जोर द्या. प्रत्येक दिशेचा अर्थ वेगळा आहे, म्हणून एकाच वेळी सगळीकडे हलवू नका.

हालचाल फार बारीक असेल तर तेलाची परीक्षा घ्या. साइट स्लाइडला जिथे टेकते त्या रेषेवर सुईच्या टोकाने पातळ तेलाचा एक ठिपका सोडा. ते तेल बारीक रेघेसारखं सांध्यात पसरतं. आता उजेड तिरपा येईल असं धरून साइटवर एका बाजूने बोट दाबा आणि सोडा. सांधा घट्ट असेल तर रेघ जशीच्या तशी राहते. ढिला असेल तर दाबल्यावर तेल एका बाजूने आत ओढलं जातं आणि सोडल्यावर परत बाहेर येतं, कधी बारीक बुडबुडाही दिसतो. रेघ कुठे हलते तेही बघा: पुढच्या कडेला, मागच्या कडेला की दोन्हीकडे. भिंग असेल तर उत्तम. परीक्षा झाली की हे तेल पुढे पूर्ण काढायचं आहे, हे लक्षात असू द्या.

दोष दुसरीकडेही असू शकतो. रिअर साइटचा स्क्रू सैल झालेला असतो, रिअर साइटमधलं वर-खाली होणारं पान खिळखिळं झालेलं असतं, किंवा फ्रंट साइट घट्ट असून तिच्यातला फायबरचा (उजेड गोळा करून चमकणारा) दांडा तेवढा हलत असतो. हे तिन्ही आधी तपासून बाजूला करा.

डव्हटेलमध्ये बसवलेली साइट

हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आणि सगळ्यात जास्त चुकाही यातच होतात. स्लाइडमध्ये आडवी, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी खाच असते. तिच्या कडांचा कोन बहुधा ६० किंवा ६५ अंशांचा. साइटचा पाया त्याच आकाराचा, पण केसभर मोठा. तो ठोकून आत घातला की कडांवर ताण येतो आणि त्या ताणातून येणाऱ्या घर्षणावर साइट डावी-उजवीकडे जागेवर राहते. पुढे-मागे आणि वर जायला तिला खाचेच्या भिंतीच अडवतात. म्हणजे गोळी सुटल्यावर स्लाइड मागे जाऊन आपटते, परत पुढे येऊन आपटते, त्या धक्क्याची मुख्य दिशा भिंती सांभाळतात. आडव्या दिशेला मात्र घर्षणाशिवाय काही नाही.

म्हणून साइट नुसती आडवी सरकत असेल, पण पुढे-मागे डुलत नसेल, तर आकार बरोबर आहे, ताण कमी पडतोय. पुढे-मागे डुलत असेल तर पाया खाचेपेक्षा अरुंद आहे, किंवा त्याचा कोन वेगळा आहे: ६५ अंशांच्या खाचेत ६० अंशांचा पाया घातला की तो पूर्ण कडेऐवजी एका रेषेवरच टेकतो, ती रेषा थोड्या दिवसांत दबते आणि डुलणं सुरू होतं. नवी साइट बसवल्यावर पहिले काही दिवस ठीक आणि मग ढिली, असं घडत असेल तर कोनच तपासा. वर उचलली जात असेल तर पायाची उंची कमी आहे.

काढण्याआधी मोजून ठेवा. व्हर्नियर कॅलिपरने स्लाइडच्या डाव्या कडेपासून साइटच्या डाव्या कडेपर्यंतचं आणि तसंच उजवीकडचं अंतर लिहा. साइट आणि स्लाइड दोन्हींवरून जाणारी पेन्सिलची एक बारीक रेघ ओढा. साइटच्या वरच्या बाजूला किंवा मागे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) आहे का ते शोधा. तो रंगाखाली किंवा काजळीखाली लपलेला असतो. तसाच ठेवून ठोकलं की खाचेच्या तळाला ओरखडा पडतो.

स्लाइड बेंच व्हाइसमध्ये धरताना जबड्यांवर ॲल्युमिनियमचे, जाड चामड्याचे किंवा लाकडाचे तुकडे लावा. रिकाम्या स्लाइडच्या भिंती पातळ असतात, त्यामुळे आत तंतोतंत बसेल असा कठीण लाकडाचा ठोकळा घाला आणि पकड डव्हटेलच्या जवळच घ्या. ठोकायची सळई, म्हणजे पंच, पितळी किंवा नायलॉनचा. लोखंडी पंच एका घावात कड चेपून टाकतो. पंचाचं टोक साइटच्या पायाला, शक्य तितकं खाली टेकवा. वरच्या पात्याला टेकवलंत तर पातं वाकेल. हातोडी २०० ते २५० ग्रॅमची घ्या. अगदी हलक्या हातोडीच्या पन्नास टिचक्या साइट हलवत नाहीत, फक्त पायाची कड बोथट करतात.

बहुतेक पिस्तुलांत साइट नेमबाजाच्या बाजूने पाहिल्यास डावीकडून उजवीकडे निघते आणि उजवीकडून डावीकडे बसते. पण हे सगळीकडे लागू नाही. पाच-सहा नेमके घाव घालूनही रेघ तसूभर सरकली नाही, तर सांध्यात भेदक तेल सोडून काही तास थांबा आणि मग दुसऱ्या बाजूने प्रयत्न करा. अंदाज न घेता जोर वाढवत नेणं हे खाच कायमची बिघडवण्याचं पहिलं कारण आहे.

साइट निघाली की खाच आणि पाया दोन्ही स्वच्छ करा. जुन्या थ्रेडलॉकरचा पांढुरका किंवा निळसर चुरा कोपऱ्यांत चिकटलेला असतो, तो लाकडी टूथपिकने खरवडा. मग ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, पांढरं फडकं. फडक्यावर डाग यायचा थांबेपर्यंत पुसा. काजळीचा पातळ थर खाचेच्या तळाशी राहिला तर साइट आज घट्ट वाटते. तो थर गोळीबाराच्या धक्क्यांनी भुगा होऊन निघाला की तेवढीच फट उरते. फ्रंट साइटची खाच बॅरलच्या तोंडाजवळ असल्यामुळे इथे हे जास्त होतं.

आता कोरडीच बसवून बघा. अंगठ्याच्या जोराने साइट एक तृतीयांश ते निम्मी आत जायला हवी आणि पुढचं अंतर ठोकून. अंगठ्यानेच पूर्ण आत गेली तर ती ढिलीच आहे, तिला थ्रेडलॉकर लावून बसवायचा विचार सोडून द्या. तोंडाशीच अडत असेल तर साइटच्या पायाचा तळ बारीक कानशीने किंवा सपाट काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर थोडा थोडा उतरवा. घासायचं ते नेहमी साइटला. साइट बदलता येते, स्लाइड नाही.

ढिली निघाली तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे योग्य मापाची, थोडा जास्त मोठा पाया असलेली साइट आणून ती घासून बसवणं. बाकीचे उपाय याच्या खालचे आहेत, पण तेही नीट केले तर पुष्कळ चालतात.

पहिला म्हणजे खाली पट्टी घालणं. ०.०५ मिमीची पितळी शिम पट्टी खाचेच्या लांबी-रुंदीएवढी कापा, कडांचे बर काढा, तळाशी ठेवा आणि वरून साइट ठोका. पट्टी साइटला वर ढकलते आणि तिच्या तिरप्या कडा खाचेच्या तिरप्या कडांवर आवळल्या जातात. पट्टी साइटबरोबर सरकून चुरगळते ही नेहमीची अडचण. त्यासाठी पट्टी खाचेपेक्षा ५ मिमी लांब ठेवा, साइट ज्या बाजूने आत शिरते त्या बाजूला तिचं टोक खाली दुमडा आणि बसल्यावर उरलेला भाग धारदार पात्याने कापा. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, बरेच जण तोच वापरतात. तो ॲल्युमिनियमचा, त्यातून मऊ, म्हणून काही शे गोळ्यांत दबतो. तात्पुरता ठीक.

दुसरा म्हणजे साइटच्या पायाच्या तळावर सेंटर पंचाने ठिपके मारणं. पाया पोलादाचा हवा. सहा ते आठ ठिपके, सगळ्या तळावर सारखे पसरलेले. प्रत्येक खड्ड्याभोवती धातूची बारीक कड उभी राहते आणि त्या कडांमुळे पाया मिलिमीटरच्या काही शतांशांनी उंच होतो. एवढी ढिलाई असेल तरच हा उपाय करा. आणि दोनदा करू नका: साइट दोन-तीन वेळा आत-बाहेर झाली की या कडा झिजतात, मग नवे ठिपके मारायला सपाट जागा उरत नाही.

स्लाइडच्या खाचेचे ओठ वरून हातोडीने चेपून खाच अरुंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कोपऱ्यात बारीक भेग पडायची शक्यता असते, ओठ एकसारखे दबत नाहीत, आणि पुढे कुठलीच साइट त्यात सरळ बसत नाही.

डव्हटेल अधिक ग्रब स्क्रू

इथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. ग्रब स्क्रू खाचेच्या तळावर दाब देतो आणि साइटला वर उचलून तिरप्या कडांत आवळतो. त्या दाबाने तळावर बारीक खळगा पडतो. पुढे नेम जुळवण्यासाठी तुम्ही साइट ०.२ मिमी बाजूला सरकवता आणि स्क्रू आवळता. स्क्रूचं टोक आता जुन्या खळग्याच्या उतारावर येतं. प्रत्येक धक्क्याला ते खळग्याकडे घसरतं आणि साइटही बरोबर ओढली जाते. आठवड्याने बघावं तर साइट पुन्हा जुन्याच जागी, आणि स्क्रू सैल. स्क्रू कितीही आवळला तरी हे थांबत नाही.

यावर उपाय असा: साइट काढा, खळग्याभोवती उठलेली कड बारीक कानशीच्या टोकाने किंवा ऑइल स्टोनने सपाट करा आणि अणकुचीदार टोकाच्या स्क्रूऐवजी सपाट टोकाचा ग्रब स्क्रू वापरा. या स्क्रूंना बहुधा ०.०५० इंचाची, म्हणजे १.२७ मिमीची ॲलन की लागते, काहींना १.५ मिमीची. जवळपास बसते म्हणून दुसऱ्या मापाची की वापरली तर खोबणी गोल होते. कीचं टोक झिजलं असेल तर तेवढा भाग कापून नवं सपाट टोक करून घ्या.

खालून स्क्रूने धरलेली साइट

ग्लॉक आणि त्याच धाटणीच्या पिस्तुलांत साइटचं लांबट शेपूट स्लाइडच्या तशाच भोकात शिरतं आणि आतल्या बाजूने षटकोनी डोक्याचा बारीक स्क्रू ते धरून ठेवतो. डोकं ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिमी. इथे ५ मिमीचा सॉकेट चढतो, पण पाव मिलिमीटरची मोकळीक राहते आणि दोन-तीन वेळा आवळल्यावर डोक्याचे कोपरे गोल होतात. साध्या सॉकेटची भिंतही जाड असते, ती स्लाइडच्या आत पूर्ण खाली पोहोचत नाही; सॉकेट वरच्यावर अडतो आणि स्क्रू घट्ट झाल्याचा भास होतो. पातळ भिंतीचं या कामासाठीचंच साधन घ्या, किंवा ३/१६ इंचाच्या नट ड्रायव्हरची बाहेरची बाजू घासून पातळ करा.

पुन्हा पुन्हा ढिली होण्याची कारणं या प्रकारात ठराविक आहेत. स्क्रू लांब असेल तर त्याचं टोक साइटमधल्या भोकाच्या तळाला आधी टेकतं आणि डोकं स्लाइडला आवळतच नाही. हाताला घट्ट लागतं, साइट मात्र मोकळीच. ओळखायची खूण म्हणजे स्क्रू आवळताना शेवटी हळूहळू जड न होता एकदम थांबतो. टोकाचा एखादा आटा घासून कमी करा किंवा योग्य लांबीचा स्क्रू घ्या. साइट प्लॅस्टिकची असेल तर प्लॅस्टिक दाबाखाली सावकाश दबत जातं, ताण आपोआप कमी होतो. आणि ताकद लावून आवळलं की आटेच निघून येतात. अशी साइट दोनदा ढिली झाली की पोलादी घ्या. प्लॅस्टिकवर द्रवरूप थ्रेडलॉकर लावणंही टाळा, काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात.

आवळताना साइट वळते हीसुद्धा नेहमीची तक्रार. शेपूट आणि भोक यांच्यात किंचित मोकळीक असते, स्क्रू फिरवताना ती सगळी एकाच दिशेला जाते आणि साइट नाकासमोर न राहता तिरपी होते. स्क्रू आवळत असताना साइटच्या दोन्ही बाजूंना स्लाइडच्या लांबीला समांतर अशा दोन सपाट पट्ट्या धरा, किंवा साइट मऊ जबड्यांत हलकीच पकडून स्लाइड वर उलटी ठेवा. बोटांच्या जोराने टेकेपर्यंत आणि त्यानंतर साधारण एक अष्टमांश फेरा, एवढं पुरे.

शेवटी बॅरल परत घालून स्लाइड हाताने दोन-चारदा चालवा आणि बॅरल काढून त्याची वरची बाजू बघा. तिथे ताजी चमकदार रेघ दिसली तर स्क्रूचं डोकं बॅरलला घासतंय. हे तसंच सोडलं तर बॅरलच स्क्रूला रोज थोडं थोडं फिरवत राहतं.

बॅरलवर स्क्रूने बसवलेली साइट

अनेक .२२ बोअरच्या पिस्तुलांत फ्रंट साइट बॅरलवर एका स्क्रूने बसते. इथलं भोक आरपार नसतं आणि त्याच्या तळाखाली बॅरलच्या भिंतीची थोडीच जाडी उरलेली असते. लांब स्क्रू जोराने आवळला तर तो तळाला रेटतो आणि बॅरलच्या आत फुगवटा येऊ शकतो. म्हणून स्क्रू बदलताना भोकाची खोली काडी घालून मोजा, साइटच्या पायाची जाडी त्यात मिळवा आणि स्क्रू त्याहून किमान अर्धा मिलिमीटर आखूड ठेवा. पाया बॅरलच्या गोलाईवर पूर्ण टेकतो का तेही बघा: बॅरलवर मार्करची शाई लावा, साइट टेकवून किंचित घासा. पायाला शाई दोन्ही कडांना लागली आणि मध्ये नाही, किंवा फक्त मध्ये लागली, तर साइट टेकलीच नाही, डोलणारच.

ठोकून पसरवलेली आणि पिनची

जुन्या धाटणीच्या १९११ (हे मॉडेलचं नाव) पिस्तुलांत साइटचं शेपूट स्लाइडच्या भोकातून आत येतं आणि आतून ठोकून पसरवलेलं असतं. शेपूट दोन मापांत येतं, ०.०५८ इंच आणि ०.१२५ इंच. अरुंद शेपटाची साइट उडून जाण्याचं प्रमाण अर्थातच जास्त. हे पुन्हा ठोकायला साइटला वरून आधार देणारा साचा आणि आतून ठोकणारं खास साधन लागतं. ते नसताना घरी केलेलं काम टिकत नाही, आणि दर वेळी ठोकताना शेपटाचा धातू पातळ होत जातो. साधन नसेल तर हे शस्त्रकाराकडे द्या. ज्योतीने तापवून पितळ किंवा चांदीचं झाळकाम घरी करू नका. त्याला ६०० अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं आणि त्यात स्लाइडच्या पोलादाला दिलेला कडकपणा निघून जातो.

पिनने धरलेलं पातं, रिव्हॉल्व्हरवर असतं तसं, हलत असेल तर आधी पिन बदला. जुनी पिन बाहेर काढून तिच्यावर नख फिरवलं की मधोमध झीज लागते. भोक लांबट झालं असेल तर ते पुढच्या मापाने साफ करून तेवढीच जाड पिन घालावी लागते. स्प्रिंगच्या दट्ट्याने धरलेल्या बदलत्या साइटमध्ये मात्र दट्ट्याच्या पोकळीतली घाण आणि दमलेली स्प्रिंग ही दोनच कारणं बहुधा निघतात.

फायबर आणि ट्रिटियम

फायबरचा दांडा सैल असेल तर साइटला हात लावू नका, दांडा बदला. व्यास १ मिमी किंवा १.५ मिमी असतो, मोजून घ्या. दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर बाहेर राहील असा कापा आणि तापलेलं स्क्रूड्रायव्हरचं टोक जवळ न्या, टेकवू नका. टोक वितळून छत्रीसारखं पसरतं आणि दांडा अडकतो. ॲसिटोन फायबरला धुरकट करतं, त्यामुळे सांधा साफ करण्याआधी दांडा काढून ठेवा.

ट्रिटियमच्या, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या साइटमध्ये काचेची बारीक नळी असते. तिला उष्णता द्यायची नाही, पात्यावर ठोकायचं नाही, ॲसिटोन लावायचं नाही. नळी फुटली तर खिडक्या उघडा, काही वेळ खोलीबाहेर जा, नंतर तुकडे हातमोजे घालून पिशवीत बंद करा आणि हात धुवा. ट्रिटियमचा अर्धायुष्यकाल १२.३ वर्षं आहे, म्हणजे दहा-बारा वर्षं जुनी साइट निम्म्या उजेडावर आलेली असते. एवढी जुनी साइट ढिली झाली असेल तर तीच परत बसवण्यापेक्षा नवी आणणं शहाणपणाचं.

थ्रेडलॉकर लावायचाच तर

हे द्रव हवा बंद झाल्यावर आणि धातूच्या संपर्कात घट्ट होतात. म्हणून जाड फटीत ते नीट जमत नाहीत, आणि तेलावर तर धरतच नाहीत. पृष्ठभागावर काळं ऑक्साइड किंवा नायट्राइडचं लेपण असेल, किंवा स्टेनलेस पोलाद असेल, तर घट्ट व्हायला जास्त वेळ लागतो; थंडीत आणखी. पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास. रात्री लावून सकाळी रेंजवर नेलेलं पिस्तूल हेच ‘थ्रेडलॉकर लावला तरी ढिली झाली’ या तक्रारीमागचं फार मोठं कारण आहे.

निळा, म्हणजे लॉकटाइट २४२ किंवा २४३ सारखा, साइटच्या स्क्रूला पुरतो आणि हाताच्या अवजारांनी सुटतो. २४३ किंचित तेलकट पृष्ठभाग सहन करतो. लाल, २७१ सारखा, इथे नको. तो सोडवायला सुमारे २५० अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि १.२७ मिमीच्या खोबणीचा स्क्रू त्याआधीच मोडतो. हिरवा २९० जोडलेल्या सांध्यात केशाकर्षणाने शिरतो, म्हणून घट्ट बसलेल्या डव्हटेलला वरून लावायला तो बरा. स्क्रूला लावताना पुढच्या तीन-चार आट्यांना एक छोटा थेंब. जास्तीचा लगेच पुसा, विशेषतः स्लाइडच्या आतल्या बाजूला. तो ओघळून फायरिंग पिनच्या वाटेकडे किंवा एक्स्ट्रॅक्टरकडे (रिकामं काडतूस ओढून काढणारा भाग) गेला तर साइटपेक्षा मोठं दुखणं मागे लागेल.

बसवल्यानंतर

दोन्ही बाजूंची अंतरं कॅलिपरने पुन्हा मोजा. नेलपेंट किंवा पेंट मार्करने साइट आणि स्लाइड दोन्हींवरून जाणारी केसाएवढी रेघ ओढा. रेघ तुटली म्हणजे साइट सरकली, पुढे गोळी कुठे लागली यावरून अंदाज बांधत बसावं लागत नाही.

रेंजवर हात टेकवून पाच-पाच गोळ्यांचे तीन ग्रुप मारा आणि मगच हलवायचं ठरवा. फ्रंट साइट गोळ्या जिकडे लागतात तिकडेच सरकवायची असते: गोळ्या डावीकडे तर साइट डावीकडे. किती, ते मोजून काढा. टार्गेटवरची चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. १५ मीटरवर गोळ्या ५० मिमी खाली लागत असतील आणि साइटमधलं अंतर १६५ मिमी असेल, तर फ्रंट साइट ०.५५ मिमी उंच आहे. एकदम तेवढी घासू नका, ०.३ मिमी उतरवा, परत मारून बघा, मग उरलेली.

५० गोळ्यांनंतर रेघ बघा, २०० नंतर परत. २०० नंतरही रेघ अखंड असेल तर काम झालं. ५० च्या आतच तुटली तर पुन्हा तोच उपाय करू नका, मापात चूक आहे. आणि स्लाइडच्या खाचेच्या कोपऱ्यात बारीक रेषा दिसली, जी पुसून जात नाही आणि जिच्यावर सोडलेलं पातळ तेल पुसल्यावरही परत पाझरून वर येतं, तर ती भेग आहे. ते पिस्तूल वापरायचं थांबवा आणि शस्त्रकाराकडे न्या. नेताना सांध्यात आधी कोणता थ्रेडलॉकर कितीदा लावला, खाली पट्टी आहे का, ठिपके मारलेत का, हे एका चिठ्ठीवर लिहून पिस्तुलासोबत द्या. तापवायचं की नाही आणि साइट कुठल्या बाजूने काढायची, हे त्याला त्यावरूनच ठरवायचं असतं.